बुडीत खातं

सप्टेंबर लागला की आमच्याकडे नाताळ लागतो.
रेडिओवाला उरलेले दिवस मोजतो,
मी दुकानाच्या जाळीआड बसून
उरलेली उधारी.

सामारच्या ह्या किनाऱ्यावर
बावीस वर्षं बाटल्या विकतेय मी:
सोया सॉस, व्हिनेगर, संत्र्याचं गोड पाणी.
विकलेला माल परत घेतला जाणार नाही,
असं पाटीवर लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

तरी त्या शनिवारी सगळा परत आला.
बादिया बाईंच्या चौथीतली अकरा पोरं
गोण्या ओढत आली,
गटारातून, कुंपणांवरून, ओहोटीच्या चिखलातून
उपसलेला माझाच माल घेऊन.
"माना पासिंग, तुझं अंगण दे.
शाळेच्या नळाला पाणी नाही."
बांबू महागला, कागद पावसात विरतो,
म्हणून यंदा पारोल बाटल्यांचे, असं ठरलंय म्हणे.

अंगण दिलं.
पाण्याचे पैसे कोणत्या पानावर मांडायचे
तेही मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मग राखेनं घासणं आलं, लेबलं खरवडणं आलं.
कात्री मोठ्यांनीच धरायची असा बाईंचा नियम,
बाई गेल्या गोंद आणायला,
म्हणजे मोठी मीच.
मी कापते, तोयतोय कापलेली कड
गरम तव्यावर हळूच टेकवतो,
कड आत वळते, मग बोट चिरत नाही.
वास मात्र साऱ्या गल्लीभर.

एकेक बाटली ओळखीची निघते.
ही व्हिनेगरची, लोलिताकडची, तीन महिने थकलेत.
ही दीड लिटरची
सेर्नांच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला नेलेली.
ते बाळ आता माझ्यासमोर
नाक पुसत दुसरी गोणी ओततंय.

"माना, हे बघ."
मायलिननं कापलेलं बूड उन्हात धरलं.
पाच पाकळ्या.
बाटली नीट उभी राहावी म्हणून
कारखान्यानं काढलेल्या.
बावीस वर्षं मी झाकणं पुसली,
किमती चिकटवल्या,
बूड कधी बघितलं नाही.
ते दिसायला आधी रिकामं व्हावं लागतं,
मग उलटं.

पारोलच्या चांदणीलाही पाचच टोकं.
पोरांना हे आधीच ठाऊक होतं.

जेर्सन तेवढा कापू देईना.
त्याची बाटली समुद्रानं आणलेली,
निळं झाकण, आमच्यातल्या कुणालाच
वाचता न येणारी अक्षरं.
"हिचं लेबल काढू नका.
बाबांच्या जहाजावरनं पडली असेल."
बाप मार्चमध्ये गेलाय मालाच्या बोटीवर,
जूनपासून फोन नाही.
मी झाकण उघडून वास घेतला.
फिनेल.
हा वास मला झोपेतही कळेल.
"काय लिहिलंय, माना?"
"लांबचं आहे काहीतरी," म्हटलं.
तेवढं तरी खरं होतं.

पारोलला दोन शेपट्या असतात.
डावीच्या टोकाला ती बाटली बांधली,
अख्खी, लेबलासकट.
त्यामुळे चांदणी जरा कलली.
बाईंनी आल्यावर बघितलं, सरळ केली नाही.

सोळा डिसेंबर, पहाटेची मिस्सा, चार वाजता.
देवळाच्या वाटेवर अकरा चांदण्या,
आत दिव्यांच्या माळा, माझ्या दुकानातल्या,
अर्थात उधार.
वारा सुटला की बुडांवर बुडं आपटायची,
टकटक, टकटक,
कुणीतरी कधीपासून जाळी वाजवतंय
आणि मी उठत नाहीये, तशी.

वहीत मांडलं:
माळा अकरा, पाणी सहा बादल्या.
नावाच्या जागी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
मग लिहिलं, बुडीत,
आणि पुढच्या पानावर गेले.

सकाळी सेर्नांचं ते बाळ आलं,
मुठीत घामेजलेलं नाणं, संत्र्याचं पाणी मागायला.
देण्याआधी मी बाटली उलटी करून बघितली.
होत्या.
"रिकामी झाली की आणून दे," म्हटलं.
पाटी पुसायची राहिलीय अजून.